वाहनात ठेवलेली बंदूक कोणाच्या ताब्यात असते?

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत, भात पोटरीला आले की घराघरातला एक तरी माणूस रात्रीच्या राखणीसाठी शेतातल्या खोपीवर जातो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धे शेत लोळवून टाकतो आणि गवा बांध ओलांडून आला की बांधही राहत नाही, हे त्या भागातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी राखणीची बंदूक खांद्यावरून जायची आणि पहाटे खांद्यावरूनच घरी परत यायची. आता शेताच्या तोंडापर्यंत जीप किंवा पिकअप जाते, बंदूक मागच्या आसनाखाली गोणपाटात गुंडाळलेली असते, आणि पहाटे माणूस घरात येऊन झोपला तरी बंदूक पुष्कळदा गाडीतच राहते. दुपारी तीच गाडी बाजारासाठी खानापूरला, दवाखान्यासाठी बेळगावला किंवा पाहुण्यांकडे चंदगडला जाते, आणि आसनाखाली काय आहे याची आठवण कोणालाही नसते. या सवयीविषयी आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी आपसात स्पष्ट बोलायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

आपल्याकडे लांब नळीची परवानाधारक बंदूक बाळगणारे लोक साधारणपणे तीन प्रकारचे आहेत. पहिला शेतकरी, ज्याच्याकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू भरायची, एकनळी असते. दुसरी जुनी पाटील-इनामदारांची घराणी, जिथे आजोबांच्या नावावरची बारा बोअरची दुनळी वारसाने मुलाच्या आणि नातवाच्या नावावर आलेली असते. तिसरा माजी सैनिक. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे निवृत्त जवान या भागात गावोगाव आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःच्या परवान्यावरची बंदूक घेऊन बँकेत किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी म्हणून काम करतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमाने या वर्गांची गरज मान्य केलेली आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीवाली बंदूक, यांच्या परवान्याला कायदा इतर शस्त्रांच्या मानाने मोकळ्या मनाने पाहतो. मी या परवान्यांच्या विरोधात नाही. ज्याचे वर्षाचे पोट दोन एकर भातावर आहे, त्याने बंदूक ठेवू नये असे शहरातल्या खुर्चीत बसून सांगणे अन्यायाचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की वाहन हे बंदूक नेण्याचे साधन आहे, ठेवण्याची जागा नाही, आणि ज्या क्षणी परवानाधारक गाडीपासून दूर जातो त्या क्षणी बंदुकीनेही गाडीत असता कामा नये.

या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी लांब नळीची बंदूक नेताना ती तिच्यासाठी केलेल्या पिशवीत किंवा पेटीत, पूर्ण झाकलेली असावी लागते आणि नेणाऱ्याचे तिच्यावर प्रभावी नियंत्रण असावे लागते. यांतला झाकण्याचा भाग लोकांनी आपापल्या परीने उचलला आहे, कारण गोणपाट हेही झाकणच आहे. नियंत्रणाची अट मात्र कोणाच्या मनात फारशी उतरलेली दिसत नाही. मी भाजी घ्यायला बाजारात शिरलो आणि माझी गाडी स्टँडच्या बाजूला उभी आहे, तर त्या गाडीतल्या बंदुकीवर माझे नियंत्रण काय उरले? गाडीची काच एका दगडाने फुटते. मागच्या दाराचे कुलूप किती टिकते, हे किल्ली आत राहिल्यावर गॅरेजवाल्याला बोलावणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. घरी बंदूक सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आपण परवाना घेताना सहीनिशी लिहून देतो, लोखंडी कपाट दाखवतो, आणि मग तीच बंदूक चार दिवस पत्र्याच्या चारचाकी डब्यात ठेवून गावभर फिरवतो, या वागण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

ताबा या शब्दाविषयी आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. हातात धरले म्हणजे ताबा, असे आपण समजतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितले की शस्त्र प्रत्यक्ष अंगावर नसले तरी ते आहे याची जाणीव आणि त्यावर हुकमत असेल तर तो ताबाच ठरतो. म्हणजे घरी झोपलेल्या मालकाच्या ताब्यात अंगणातल्या गाडीतली बंदूक आहे. पण ती गाडी दुसऱ्या कोणी नेली तर काय होते, हा प्रश्न आमच्या घरात एकदा उभा राहिला होता आणि त्याची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

काही वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नासाठी आम्ही सगळे बेळगावला गेलो होतो. माझे काका आदल्या रात्री राखणीला होते आणि तिथूनच जीप घेऊन थेट कार्यालयात आले. सकाळी आचाऱ्याची भांडी आणायची होती म्हणून त्यांनी जीपची किल्ली भाच्याकडे दिली. भाचा आणि त्याचे दोन मित्र शहापुरातून भांडी घेऊन परत आले, तेव्हा त्यांच्या हसण्यात काहीतरी वेगळे होते. भांड्यांसाठी आसन उचलल्यावर त्यांना खाली बंदूक सापडली होती, त्यांनी ती बाहेर काढली होती, एकाने दुसऱ्याच्या छातीवर नळी धरून चापही ओढला होता. नळीत बार नव्हता, म्हणून त्या दिवशी लग्न पार पडले. भाचा काकांना एवढेच म्हणाला, “मामा, सीटखाली बंदूक हाय म्हणून सांगायचं न्हाई व्हय?” काकांनी त्याला उत्तर दिले नाही. जेवणाच्या पंगतीतही ते आले नाहीत, जीपमध्येच बसून राहिले.

त्या सकाळी मुलांना काही झाले नाही, परंतु कायद्याच्या नजरेतून तिथे एक गुन्हा घडण्याच्या अगदी जवळ आला होता. शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक सवलत आहे: परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी बंदूक नेऊ शकतो. लग्नाची भांडी आणणे यांत बसत नाही. बंदूक सापडल्यानंतर मुलांना तिची जाणीव झाली होती, गाडी त्यांच्या हातात होती आणि मालक सोबत नव्हता. गोगटे चौकात एखाद्या पोलिसाने गाडी थांबवून आसन उचलले असते, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा आरोप त्या पोरांवर आला असता, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या आरोपाची किमान शिक्षा दोन वर्षे तर कमाल पाच वर्षे आहे. गाडी गॅरेजला सोडताना, ड्रायव्हरच्या हाती देताना, मुलाला कॉलेजसाठी देताना हाच धोका असतो. आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा दुसऱ्याच्या पोराने भोगावी, हे कोणत्या मामाला किंवा काकाला चालेल?

चोरीचा विचारही याच अंगाने करायला हवा. चोरीला गेलेली ठासणीची बंदूक शहरातल्या गुंडाला नको असते, ती रानात शिकार करणाऱ्याला हवी असते. तिची किंमत कमी, आवाज दरीत विरून जाणारा, आणि परवाना दुसऱ्याच्या नावावर. ज्याच्या पिकाच्या रक्षणासाठी सरकारने परवाना दिला, त्याचीच बंदूक भीमगडच्या जंगलात सांबराच्या मागे गेली, तर आधी चौकशीला बोलावणे त्यालाच येणार. अमेरिकेत, जिथे पिकअपमध्ये रायफल ठेवणे अनेक भागांत रीतीचा भाग मानले जाते, तिथेही वाहनांतून होणारी बंदुकांची चोरी हा आज पोलिसांच्या काळजीचा मोठा विषय झाला आहे. ब्रिटनमध्ये परवानाधारकांना दिलेल्या सूचना मला अधिक उपयोगी वाटतात: बंदूक बाहेरून दिसू नये, काडतुसे वेगळी ठेवावीत, आणि अगदी नाइलाजाने गाडी सोडून जावे लागले तर बंदुकीचा पुढचा लाकडी भाग किंवा रायफलचा बोल्ट काढून स्वतःबरोबर न्यावा, म्हणजे चोराच्या हाती लागेल ते निरुपयोगी असेल. आपल्या दुनळीचा पुढचा लाकडी भाग कोणतेही हत्यार न वापरता निघतो आणि मग नळी दस्त्यापासून वेगळी होते. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. माजी सैनिकांना ते शिकवावे लागत नाही, पण वारसाने बंदूक मिळालेल्या अनेक तरुणांना ती अशी उघडते हेच माहीत नसते.

ठासणीच्या बंदुकीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागात तीच जास्त आहे आणि वाहनात तीच सर्वांत धोकादायक आहे. तिच्यात तोंडाकडून दारू ओततात, वर चिंधीचा बोळा गजाने ठासतात, मग छर्रे आणि पुन्हा बोळा. एकदा ठासली की ती काडतुसाच्या बंदुकीसारखी मोडून रिकामी करता येत नाही. एक तर बार उडवायचा, नाही तर गजाच्या टोकाला फिरकी लावून बोळा उपसून काढायचा, आणि हे दुसरे काम जिकिरीचे असल्यामुळे राखणीहून परतणारा माणूस केप, म्हणजे चाप ओढल्यावर घोडा (हातोडी) जिच्यावर आपटतो ती दारू पेटवणारी छोटी टोपी, तेवढी काढतो आणि बंदूक ठासलेलीच गाडीत टाकतो. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे तो धरून चालतो. पण कणकुंबीच्या रस्त्यावरचे खड्डे आठवा. दहा-बारा किलोमीटरच्या हादऱ्यांनी आतला बोळा पुढे सरकला, दारू आणि छर्रे यांच्यात पोकळी राहिली, तर पुढच्या वेळी चाप ओढताना नळी फुटू शकते आणि इजा होते ती बंदूक धरणाऱ्यालाच. केप तशीच राहिली असेल आणि घोडा तिच्यावर टेकलेला असेल, तर डिझेलचा कॅन घोड्यावर आदळला तरी बार उडू शकतो. आणि पावसाळ्याचे चार महिने गाडीत राहिलेल्या बंदुकीतली काळी दारू ओल धरते, नळी आतून गंजते, हे वेगळेच. काडतुसाच्या दुनळीलाही सुरक्षेचा खटका लावला की निर्धास्त झालो असे समजू नये, कारण अनेक दुनळ्यांत तो खटका फक्त चाप अडवतो, आतल्या घोड्याला अडवत नाही, आणि जोराच्या धक्क्याने घोडा सुटू शकतो. म्हणून गाडीत चढताना नळी रिकामी असणे, ही अट मी सर्वांच्या वर ठेवतो. ज्याला ठासलेली बंदूक रिकामी करण्याचा कंटाळा आहे, त्याने ती खोपीवर पोचल्यानंतरच ठासावी.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. प्रत्येक परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालतो हे लिहिलेले असते आणि आपल्यापैकी अनेकांचा परवाना कर्नाटक राज्यापुरताच असतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने बाची सोडली की शिनोळी येते आणि राज्य बदलते. आपल्या सोयरिकी, शेती आणि बाजार या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. ही रेषा आपल्या मनाने कधी मान्य केली नाही आणि तिच्याविषयीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण रेषेविषयी आपल्याला जे वाटते ते बंदुकीच्या परवान्यावर लिहिलेले नसते. आसनाखाली विसरलेली बंदूक चंदगडच्या पाहुण्यांकडे गेली, तर परवानाधारक स्वतः गाडीत असूनही परवान्याच्या क्षेत्राबाहेर शस्त्र नेल्याचा दोष त्याच्यावर येतो. निपाणीजवळ राज्याच्या सीमेवर असलेल्या कोगनोळीच्या नाक्यावर निवडणुकीच्या दिवसांत गाड्यांची झडती कशी होते, हे निपाणीकरांना ठाऊक आहे.

जंगलाची हद्द तर याहूनही कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. मग ते गोणपाटात असो की पेटीत, भरलेले असो की रिकामे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनखात्याकडे आपल्या शस्त्राची नोंद करणे हा याच कायद्याचा भाग आहे. खानापूर तालुक्याचा केवढा तरी भाग या दहा किलोमीटरांत येतो. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हे पुष्कळांना माहीत असते, परंतु रानातल्या रस्त्याने घरी येताना गाडीत बंदूक असणे एवढ्यावरूनही गाडी जप्त होण्याची पाळी येऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

याला दोन उत्तरे मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिले असे की रात्री चोर्ला घाटातून येणाऱ्या काजूच्या व्यापाऱ्याला किंवा ठेकेदाराला गाडीत बंदूक असल्याचा आधार वाटतो. आधार वाटणे मी समजू शकतो. पण मीटरभर लांबीची बंदूक बोलेरोच्या स्टीअरिंगमागे बसून फिरवता येत नाही, मागच्या आसनाखालची काढून जोडता येत नाही, आणि भरून मांडीवर ठेवली तर वाटमाऱ्याआधी शेजारी बसलेल्या माणसाच्या जिवाला धोका आहे. दुसरे उत्तर कोडगूचे (कूर्गचे). त्याच कर्नाटकात तिथल्या कोडवा समाजाला परवान्यापासून सूट आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे, मग आमच्यावरच एवढी बंधने का, असे विचारले जाते. ती सूट परवाना घेण्यापासून आहे. बंदूक वाऱ्यावर सोडण्याची मोकळीक तिने कोणालाही दिलेली नाही, आणि बंदुकीची पूजा करणारा समाज ती गाडीच्या आसनाखाली टाकत असेल असे मला वाटत नाही.

मात्र सगळा दोष परवानाधारकाच्या माथी मारणेही मला मान्य नाही. बँकेत पहाऱ्याला जाणाऱ्या माजी सैनिकाला वाटेत सरकारी दवाखान्यात आईला भेटायचे असेल, तर त्याने बंदूक कोठे ठेवावी? कचेरीत आत नेता येत नाही, न्यायालयात नेता येत नाही, दवाखान्यात नेऊ नये, आणि गाडीत ठेवू नये असे मी वर लिहिले आहे. मग राहते पोलीस ठाणे. तिथे दोन तासांसाठी बंदूक जमा करून पावती मिळेल, अशी साधी सोय ठाण्याठाण्यात असायला हवी, आणि ती मागायला आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ नये. बँकांनी आपल्या पहारेकऱ्याची बंदूक रात्री बँकेतच कुलूपबंद ठेवण्याची सोय केली, तर त्याला ती रोज मोटारसायकलच्या बाजूला बांधून न्यावी लागणार नाही. गाडीच्या तळाशी बोल्टने पक्की केलेली, दोन कुलपांची लोखंडी पेटी कोणताही वेल्डर करून देऊ शकतो. पण ती थांब्यावरच्या पाच मिनिटांसाठी. रात्रभराच्या मुक्कामासाठी नव्हे.

भाषेचा प्रश्नही इथेच येतो. परवान्याच्या अटी आणि ठाण्याच्या नोटिसा कन्नडमध्ये येतात. ज्याला आपल्या सहीखाली काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, त्याच्याकडून ते पाळण्याची अपेक्षा कशी करायची? भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाच्या नियमांची माहिती त्यांच्या भाषेत मिळावी, हे तत्त्व १९५६ च्या राज्य पुनर्रचनेबरोबरच मान्य झालेले आहे. मराठी फलकांसाठी आपण जेवढा आग्रह धरतो, तेवढाच आग्रह या कागदासाठी धरला पाहिजे, कारण हा कागद न समजल्याने माणसाचा जीव जाऊ शकतो.

आणि हा कागद देण्याची वेळ दर काही वर्षांनी आपोआप येते. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ च्या लोकसभेसाठी ७ मे रोजी बेळगावात मतदान झाले, त्याच्या आधीही गावोगावचे शेतकरी बंदुका घेऊन ठाण्याच्या आवारात रांगेत होते, कोणी जीपमधून, कोणी दुचाकीवर मागे बसलेल्याच्या हातात आडवी धरून. तालुक्यातल्या बहुतेक लांब नळीच्या बंदुका एका आवारात येतात, असा दुसरा प्रसंग नाही. तिथेच प्रत्येक बंदूक रिकामी आहे का हे तपासावे, ती कशात घालून आणली आहे ते पाहावे, ठासलेली असेल तर जाणकार माणसाने ती रिकामी करून दाखवावी. निवृत्त सुभेदार यासाठी आनंदाने उभे राहतील. आणि बंदूक परत देताना पावतीबरोबर मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतले एक पान हाती द्यावे, ज्यावर परवान्याचे क्षेत्र, अभयारण्याची हद्द आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी आसनाखाली काय पाहायचे, एवढे ठळक अक्षरांत लिहिलेले असेल.